इन्सुलिन, दाब आणि उंदराचे हृदय: बातमीतून निसटलेला भाग

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

इन्सुलिनमुळे हृदय वाढते आणि पुढे ते निकामी होते, अशा अर्थाचा मजकूर आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर ठळक मथळ्याखाली प्रसिद्ध झाला. ज्या संशोधनाच्या आधारे तो लिहिला आहे ते उंदरांवरचे आहे, ही गोष्ट मजकुरात एकदाच आणि तीही ओझरती आली. मथळ्यात तर ती नव्हतीच. मी शरीरक्रियाविज्ञानाचा निवृत्त अध्यापक असून नोकरीतील काही वर्षे उंदरांच्या हृदयावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत काढली आहेत. केवळ मथळा खटकला म्हणून मी पत्र लिहिले नसते. परंतु तीन-चार दिवसांनी माझ्या परिचयातील एक वयस्कर गृहस्थ त्या मजकुराचे कात्रण घडी करून खिशात घेऊन आले. त्यांना मधुमेह आहे, रक्तदाबही आहे, आणि कोणालाही न विचारता त्यांनी दोन दिवस इन्सुलिन टोचून घेतले नव्हते. "इन्सुलिनने हृदय वाढते आणि वाढलेले हृदय थकते असे छापून आले आहे, मग मी ते कशाला घेऊ?" असे त्यांनी मला विचारले. त्यांच्या तर्कात काही खोट नव्हती. त्यांच्या हाती माहितीच अर्धी आली होती, आणि उरलेला अर्धा भाग आपल्या वाचकांपर्यंत पोचावा म्हणून हे पत्र.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की ज्या संशोधनाविषयी आपण लिहिले ते भक्कम आहे. ते जपानमधील चिबा विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झाले आणि २०१० साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माझी तक्रार संशोधनाबद्दल नाही. ते 'इन्सुलिन आणि हृदय' या दोन शब्दांत आटोपण्यासारखे नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यात तिसरा एक घटक आहे, तो म्हणजे दाब. तो वगळला की त्या संशोधनाचा अर्थच पालटतो.

उंदराच्या हृदयावर दाब आणतात कसा, हे वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदराला भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली छातीचा वरचा भाग उघडला की महाधमनीची कमान दिसते. तिची जाडी जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर असते. कमानीतून फुटणाऱ्या पहिल्या दोन शाखांच्या मधल्या जागी धमनीखालून रेशमी दोरा ओवून घेतात, टोक बोथट केलेली २७ गेजची सुई धमनीला समांतर ठेवतात, धमनी आणि सुई या दोहोंभोवती दोरा आवळून गाठ मारतात आणि लगेच सुई अलगद काढून घेतात. सुईची जाडी साधारण ०.४ मिलिमीटर, ती निघाल्यावर रक्ताला जायला तेवढीच वाट उरते. गाठ बसल्यापासून सुई निघेपर्यंतच्या त्या काही क्षणांत महाधमनी जवळजवळ बंद असते आणि मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडणारे ते इवलेसे हृदय डोळ्यांदेखत तट्ट फुगते. हे दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे आणि एकदाही ते निर्विकारपणे पाहू शकलो नाही. उंदरामधील ही पद्धत रॉकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली वर्णन केली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये ती वापरली जाते.

त्या क्षणापासून हृदयाच्या डाव्या जवनिकेला, म्हणजे महाधमनीत रक्त ढकलणाऱ्या कप्प्याला, प्रत्येक ठोक्याला चिंचोळ्या वाटेतून रक्त रेटावे लागते. पोकळीच्या भिंतीवरचा ताण आतील दाबाच्या आणि पोकळीच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, आणि भिंत जितकी जाड तितका तो कमी होतो, हा लाप्लास यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथे लागू पडतो. हृदयाच्या स्नायुपेशी प्रौढ वयात जवळजवळ विभागत नाहीत. त्यामुळे भिंत जाड करायची तर असलेल्या पेशींनाच धष्टपुष्ट व्हावे लागते. हृदय तसे करते. काही आठवडे ही युक्ती चालते, ठोक्याचा जोर टिकून राहतो आणि उंदीर वरकरणी ठीक दिसतो. पुढे मात्र तीच जाड भिंत हळूहळू सैल पडते, पोकळी रुंदावते आणि हृदय थकते. 'हृदय मोठे होणे' हे शब्द आपण या दोन्ही अवस्थांना सरसकट वापरतो, आणि आपल्या मजकुरातही तसेच झाले आहे. वस्तुतः दाबाला तोंड देण्यासाठी जाड झालेले हृदय आणि हार खाऊन पसरलेले हृदय यांच्यात मोठे अंतर असते, आणि पहिल्या अवस्थेतून दुसरीत हृदय का जाते हाच या क्षेत्रातील संशोधकांना वर्षानुवर्षे छळणारा प्रश्न आहे. चिबाच्या संशोधकांचे काम नेमके त्या प्रश्नावर आहे.

इन्सुलिन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रक्तातील साखर येते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण इन्सुलिन हा वाढीचाही संदेश आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे हा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, ते चिकटले की आत एका प्रथिनाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला जागे करावे अशी साखळी सुरू होते. या साखळीतील 'अक्ट' नावाचे प्रथिन एकीकडे ग्लुकोज पेशीत घेण्याची व्यवस्था करते आणि दुसरीकडे नवी प्रथिने बांधण्याचा, म्हणजे पेशी मोठी करण्याचा, हुकूम सोडते. केवळ हृदयाच्या स्नायुपेशींतून इन्सुलिनचा ग्राही काढून टाकलेल्या उंदरांचे हृदय नेहमीपेक्षा वीस ते तीस टक्क्यांनी लहान भरते, असे २००२ साली दाखवले गेले. म्हणजे निरोगी हृदयाला आपला नेहमीचा आकार गाठण्यासाठीसुद्धा हा संदेश लागतो. हे एवढे जरी मजकुरात आले असते तरी इन्सुलिन म्हणजे हृदयात शिरलेले विष, अशी समजूत वाचकाची झाली नसती.

आता त्या संशोधनात काय आढळले ते पाहू. महाधमनी आवळलेल्या उंदरांमध्ये काही काळाने यकृत इन्सुलिनला दाद देईनासे झाले आणि रक्तातील इन्सुलिनची पातळी वाढली. यकृताने जरी कान बंद केले तरी हृदयाने ते केले नाहीत. उलट दाबामुळे हृदयाच्या पेशी ताणल्या गेल्या की त्या ताणानेच त्यांचे इन्सुलिनग्राही उद्दीपित होतात आणि ग्राहींचे प्रमाणही वाढते, असे दिसून आले. रक्तात संदेश जास्त आणि ऐकणारेही जास्त, अशा दुहेरी कारणाने हृदयातील इन्सुलिनचे संदेशवहन वाजवीपेक्षा वाढले. मग संशोधकांनी ते निरनिराळ्या बाजूंनी कमी-अधिक करून पाहिले. रक्तातील वाढलेले इन्सुलिन खाली आणले, तेव्हा हृदयाचे काम लक्षणीय सुधारले. हृदयाच्या स्नायुपेशींतील ग्राहींचे प्रमाण जनुकीय पद्धतीने घटवले, तेव्हाही हृदय कमी वाढले आणि कमी थकले. याउलट, ज्या मधुमेही उंदरांच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नव्हते त्यांना महाधमनी आवळलेल्या अवस्थेत इन्सुलिन दिले, तेव्हा त्यांची साखर सुधारली पण हृदय बिघडले. दाबाचा भार असताना साखर आटोक्यात आणण्यासाठी इन्सुलिन वापरणे अपायकारक ठरू शकेल, असे संशोधकांनी निष्कर्षात लिहिले आहे, आणि ते मी लपवणार नाही. आपल्या वार्ताहराने हे वाक्य उचलले, त्यात खोटे काहीच नाही.

परंतु त्या वाक्याच्या मागे एक प्रयोग उभा आहे, आणि बातमीतून तोच निसटला. त्याच संशोधकांनी इन्सुलिन मिळालेल्या या उंदरांच्या हृदयात नव्या रक्तवाहिन्यांची वाढ घडवून आणली. इन्सुलिनमुळे बिघडलेले हृदयाचे काम त्यामुळे पूर्ववत झाले. याचा अर्थ असा की वाढीचा संदेश हा एकटा दोषी नाही. पेशी वाढतात पण त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या त्या वेगाने वाढत नाहीत, पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि त्या मरू लागतात, हे खरे दुखणे आहे. इन्सुलिनचा अतिरिक्त संदेश ही तफावत वाढवतो.

सूक्ष्मदर्शकाखालची एक काचपट्टी डोळ्यांपुढे आणली तर हे चटकन कळते. निरोगी उंदराच्या हृदयाचा आडवा छेद घेऊन पेशींच्या कडा रंगवल्या की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते. पेशी साधारण एकसारख्या, आणि त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत केशवाहिन्यांचे बारीक ठिपके, जवळपास प्रत्येक पेशीमागे एक. दाबाखाली काही आठवडे राहिलेल्या हृदयाचा छेद त्याच भिंगातून पाहिला तर पोळ्याची घरे फुगलेली, वेडीवाकडी झालेली आणि ठिपके एकमेकांपासून दूर सरकलेले असतात. मधूनच पेशी मरून गेलेल्या जागी तंतूंचे वण दिसतात. प्राणवायूला केशवाहिनीपासून पेशीच्या गाभ्यापर्यंत पाझरतच जावे लागते, आणि पाझरण्याचे अंतर थोडेसे वाढले तरी गाभ्याची उपासमार होते. विद्यार्थ्यांना मी या दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवीत असे. त्यानंतर फारसे व्याख्यान द्यावे लागत नसे.

ही कल्पना एकाच प्रयोगशाळेची नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या कामात उंदराच्या हृदयातील अक्ट हवे तेव्हा सुरू आणि हवे तेव्हा बंद करण्याची सोय जनुकीय पद्धतीने केली होती. अक्ट सुरू करून दोन आठवडे झाले तेव्हा हृदय वाढलेले होते, पण केशवाहिन्याही त्याबरोबर वाढल्या होत्या आणि ठोक्याचा जोर शाबूत होता. सहा आठवड्यांनी हृदय आणखी वाढले, केशवाहिन्या मागे पडल्या आणि हृदय थकले. पहिल्या टप्प्यातच रक्तवाहिन्यांची वाढ रोखली, तेव्हा हृदय मुदतीआधीच थकले. एकच संदेश, एकच हृदय. फरक पडला तो रक्तपुरवठ्याने साथ दिली की नाही याचा.

आता दुसरी बाजू. हृदयाच्या स्नायुपेशींतून इन्सुलिनचा ग्राही पूर्णपणे काढून टाकलेल्या उंदरांची महाधमनी आवळली, तर त्यांचे हृदय अधिक चांगले टिकायला हवे होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र ते अधिक बिघडले. त्याच वर्षीच्या आणखी एका कामात इन्सुलिनच्या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा, पीआय-३ कायनेज, निष्प्रभ केलेल्या उंदरांना पोहण्याचा व्यायाम देण्यात आला. त्यांचे हृदय व्यायामाने वाढावे तसे वाढले नाही, परंतु महाधमनी आवळल्यावर ते वाढलेच. व्यायामाने होणारी हितकारक वाढ या साखळीवर अवलंबून असते आणि दाबाने होणारी वाढ दुसऱ्या वाटांनीही होऊ शकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे निष्कर्ष चिबाच्या निष्कर्षांशी सहज जुळत नाहीत. माझ्या मते त्यातून दिसते ते असे की हृदयाला हा संदेश अजिबात न मिळणे वाईट आणि दाबाखाली तो सतत, गरजेपेक्षा जास्त मिळत राहणेही वाईट. ग्राही निम्म्यावर आणणे आणि ग्राही मुळीच नसणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. तज्ज्ञांमध्ये याबाबत मतभेद आहेत आणि ते असणे रास्तही आहे. पण ज्या विषयात जाणकार अजून एकमेकांशी वाद घालीत आहेत त्याचा निकाल चार शब्दांच्या मथळ्यात लावणे बरोबर नाही.

उंदराचे हृदय आणि माणसाचे हृदय यांच्यातील अंतर वजनापुरते नसते, हेही सांगायला हवे. उंदराची महाधमनी एका क्षणात आवळली जाते. माणसाचा रक्तदाब बहुधा वर्षानुवर्षे, कळत नकळत चढत जातो. प्रयोगातील उंदीर बहुतेक वेळा तरुण असतात आणि एकाच वंशाचे, एकाच खाद्यावर वाढलेले असतात. इन्सुलिन घेणारा माणूस अनेकदा साठीच्या पुढचा असतो, त्याला मूत्रपिंडाचा किंवा हृदयातील रक्तवाहिन्यांचा विकार जडलेला असू शकतो, आणि तो रक्तदाबाचीही औषधे घेत असतो. ही औषधे म्हणजे त्या दोऱ्याची गाठ काही अंशी सैल करणे होय. प्रयोगातील उंदरांच्या गाठी मात्र तशाच आवळलेल्या राहिल्या.

माणसांवरचा पुरावाही उपलब्ध आहे, आणि त्याचा उल्लेख बातमीत नसावा याचे मला वाईट वाटले. 'ओरिजिन' नावाच्या चाचणीत मधुमेहाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावरील साडेबारा हजारांहून अधिक लोकांना सहभागी करून, त्यांपैकी निम्म्यांना दीर्घकाळ काम करणारे ग्लार्जीन इन्सुलिन आणि उरलेल्यांना नेहमीचे उपचार देण्यात आले. सुमारे सहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०१२ साली, असे जाहीर झाले की इन्सुलिनने हृदयविकार कमी झाले नाहीत, पण वाढलेही नाहीत. हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही वाढले नव्हते. ही चाचणी प्रत्येक रुग्णाला लागू होते असा माझा दावा नाही. ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे त्याच्यासाठी साखर कमी करण्याचा कोणता मार्ग निवडावा, हा हृदयरोगतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ यांच्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि इन्सुलिनची पातळी न चढवता लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे हृदय निकामी होण्याचा धोका घटवतात हे गेल्या काही वर्षांतील मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. पण औषध बदलणे ही एक गोष्ट आणि बातमी वाचून इंजेक्शन थांबवणे ही दुसरी. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यांच्या बाबतीत थांबवण्याचा परिणाम काही दिवसांत जिवावर बेतू शकतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरँटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, त्याआधी अशा मुलांचे काय होत असे हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

दाबाबद्दल मात्र शंकेला जागा नाही. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या १,१४८ रुग्णांच्या ब्रिटनमधील अभ्यासात एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ पर्यंत आणि दुसऱ्याचा १५४/८७ पर्यंत राखला गेला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात हृदय निकामी होण्याचे प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी होते. वरच्या आकड्यात केवळ दहाचा फरक, आणि हृदयाला एवढा दिलासा. उंदरांच्या प्रयोगातून माणसाने काही उचलायचेच असेल तर मला हे अधिक महत्त्वाचे वाटते, कारण चिबाच्या प्रयोगात इन्सुलिनने हृदय बिघडले ते दाबाच्या भाराखाली. आपल्या मथळ्यात 'दाब' हा शब्द असता तर माझ्या परिचितांचे लक्ष इन्सुलिनच्या कुपीऐवजी रक्तदाबाच्या गोळ्यांकडे गेले असते. त्या गोळ्या ते आठवणीने घेत नाहीत, हे त्यांनी त्याच संध्याकाळी, थोडे संकोचूनच, मला सांगितले.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे की प्राण्यांवरील प्रयोगाची बातमी देताना प्राण्याचे नाव मथळ्यातच यावे, आणि प्रयोगात प्राण्याची कोणती अवस्था मुद्दाम घडवून आणली होती हे पहिल्या परिच्छेदात यावे. याला मोजून दोन ओळी लागतात. जे वाचक सध्या औषध घेत आहेत त्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज थांबवू नये, ही सूचना अशा मजकुराच्या शेवटी बारीक अक्षरांत न देता मजकुरातच दिली जावी. आपल्या पानावर जागेची टंचाई असते हे मी जाणतो, आणि अवघड संशोधन सामान्य वाचकापर्यंत नेण्याची आपली धडपडही मला मोलाची वाटते. ती नसती तर माझ्या परिचितांना चिबाचे नावही कानी पडले नसते.

त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन करून इन्सुलिन पुन्हा सुरू केले आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्यांची हृदयाची इको तपासणी व्हायची आहे. कात्रण त्यांनी माझ्याकडेच ठेवले आहे. हे पत्र शक्य झाल्यास त्याच पानावर, त्याच जागी प्रसिद्ध करावे, कारण ते पान ते रोज वाचतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
शरीरक्रियाविज्ञानाचा एक निवृत्त अध्यापक